कालाडेऱ्याचें जलपरीक्षण : एका त्रयस्थ निवाड्याचा विचार

१

पाण्याचा मोठ्या प्रमाणावर उपसा करणाऱ्या व्यापारी कंपनीच्या कारभाराची त्रयस्थाकडून चौकशी करविणें, ही गोष्ट वरवर पाहतां अगदीं अलीकडची दिसते. परंतु तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न जुना आहे. ज्याच्या वर्तनाविषयीं तक्रार आहे त्याच्याच खर्चानें झालेली चौकशी प्रमाण मानावयाची कीं नाहीं, आणि मानावयाची तर कितपत, हा तो प्रश्न होय. जुन्या कागदपत्रांची छाननी करणाऱ्यास तो अपरिचित नाहीं. एखादा महजर हातीं आला म्हणजे तो कोणाच्या मागणीवरून झाला, सभेस कोण बसले होते, साक्षी कोणत्या गांवच्या, आणि झालेला निवाडा पुढें अंमलांत आला कीं नाहीं, एवढें पाहिल्यावांचून आपण त्यावर विसंबत नाहीं. हीच कसोटी इ. स. २००८ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या एका जलपरीक्षणास लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तें परीक्षण दिल्लीच्या 'द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट' अर्थात् 'टेरी' या संस्थेनें केलें. परीक्षणाचा विषय कोका-कोला कंपनीच्या हिंदुस्थानांतील सहा कारखान्यांचा पाण्याचा कारभार हा होता. राजस्थानांतील कालाडेरा, उत्तर प्रदेशांत काशीजवळील मेहदीगंज, तामिळनाडूंतील नेमम, पंजाबांतील नबीपूर, तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील सत्तुपल्ली आणि आपल्या पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्याचें पिरंगुट, अशीं तीं सहा ठिकाणें होत. कंपनीचे त्या वेळीं देशांत पन्नासच्या आसपास कारखाने होते. त्यांपैकीं हे सहा निवडले होते.

२

या परीक्षणाची पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. कोका-कोला कंपनी इ. स. १९५० च्या सुमारास प्रथम या देशांत आली. परकीय चलनाच्या कायद्यान्वयें भांडवलाचा वांटा कमी करण्याची अट तिनें मान्य केली नाहीं व इ. स. १९७७ मध्यें जनता पक्षाच्या राजवटींत ती येथून निघून गेली. इ. स. १९९३ मध्यें, आर्थिक धोरण पालटल्यानंतर, ती परत आली आणि मुंबईच्या पारले कंपनीचीं लोकप्रिय पेयें विकत घेऊन तिनें आपला पाया पक्का केला. ह्या दुसऱ्या आगमनानंतर ठिकठिकाणीं नवे कारखाने उभे राहिले. आणि ते बहुतेक भूगर्भांतील पाण्यावर चालणारे होते.

इ. स. २००० मध्यें केरळांत पालघाट जिल्ह्यांतील प्लाचिमडा येथें एक कारखाना सुरू झाला. थोड्याच काळांत भोंवतालच्या विहिरींचें पाणी आटल्याची व पिण्यास अयोग्य झाल्याची तक्रार तेथील आदिवासी व शेतकरी करूं लागले, आणि इ. स. २००२ च्या एप्रिलांत कारखान्याच्या दारांत त्यांचा सत्याग्रह सुरू झाला. मैलम्मा नांवाची एक आदिवासी स्त्री त्याची अग्रणी होती. इ. स. २००३ च्या ऑगस्टांत दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेनें शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सांपडल्याचें जाहीर केलें. त्याचा विचार करण्यास श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालीं संयुक्त संसदीय समिति नेमली गेली, व इ. स. २००४ मध्यें तिनें त्या संस्थेच्या निष्कर्षास दुजोरा दिला.

हा बोभाटा समुद्रापलीकडे पोंचला. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं, आपलें विद्यापीठ ज्या कंपनीचा माल घेतें तिच्या परदेशांतील वर्तनाची चौकशी व्हावी असा आग्रह धरला. विद्यापीठानें इ. स. २००६ च्या आरंभापासून कंपनीच्या मालाची खरेदी थांबविली. कंपनीनें त्रयस्थ चौकशीस मान्यता दिल्यावर त्याच वर्षाच्या एप्रिलांत ती पुन्हा सुरू झाली. हिंदुस्थानांतील पाण्याची चौकशी टेरीकडे सोंपविण्यांत आली. खर्च कंपनीनें सोसावा असें ठरलें. टेरी व कंपनी यांचे पूर्वीं संबंध आलेले आहेत, तेव्हां ही संस्था खरी त्रयस्थ नव्हे, असा आक्षेप टीकाकारांनीं प्रारंभींच घेतला. प्लाचिमड्याचा कारखाना इ. स. २००४ पासून बंद असून त्याचा वाद न्यायालयांत होता. तो ह्या सहांमध्यें नव्हता. म्हणजे ज्या गांवामुळें वादास तोंड फुटलें तेंच गांव चौकशीच्या बाहेर राहिलें.

३

इतकी पार्श्वभूमि पाहिल्यावर अहवाल कंपनीच्या बाजूचाच असणार, अशी वाचकाची समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं, आणि ह्यामुळेंच हा अहवाल अभ्यासनीय ठरतो.

अहवालानें कंपनीच्या पदरांत कांहीं गोष्टी टाकल्या. पेयासाठीं शुद्ध केलेल्या पाण्यांत कीटकनाशकें आढळलीं नाहींत, व सरकारी नियमांचें पालन कारखाने सामान्यतः करीत आहेत, असें त्यानें नमूद केलें. परंतु कंपनीनें स्वतः घालून घेतलेलीं जीं अधिक कडक बंधनें, तीं सर्व ठिकाणीं पाळलीं जात नसल्याचें, आणि शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्यांतहि विष्ठेंतील जंतूंचा अंश कांहीं ठिकाणीं आढळल्याचें त्यानें तितक्याच स्पष्टपणें सांगितलें.

याहून महत्त्वाची गोष्ट मोजमापाच्या मर्यादेची. कारखानदार आपल्या पाण्याचा हिशोब सामान्यतः भिंतीच्या आंतला देतो: एक लिटर पेय तयार करण्यास किती लिटर पाणी लागलें, गेल्या वर्षापेक्षां त्यांत किती बचत झाली, वगैरे. हा हिशोब खरा असला तरी गांवच्या तक्रारीचें तें उत्तर नव्हे. गांवकऱ्याची तक्रार भिंतीबाहेरच्या विहिरीविषयीं असते. एक लिटर पेयास चाराऐवजीं तीन लिटर पाणी लागूं लागलें, आणि पेयाचा खप मात्र दुप्पट झाला, तर काटकसर वाढूनहि उपसा दीडपट होतो. टेरीच्या परीक्षकांनीं भिंतीच्या आंत तपासणी केलीच. शिवाय सभोंवतालच्या प्रदेशांतील भूजलाची स्थिति व गांवकऱ्यांचें म्हणणेंहि विचारांत घेतलें. त्यामुळें कालाडेऱ्याचा निकाल जसा लागला तसा लागूं शकला.

४

कालाडेरा हें गांव जयपूर जिल्ह्याच्या चौमूं तहशिलींत आहे. पाऊस बेताचा, तोहि चातुर्मासांतील थोड्या दिवसांत पडून जातो. बारमाही नदी नाहीं. शेती विहिरींवर व कूपनलिकांवर. अशा प्रदेशांत जमिनीखालचा वाळूमातीचा पाणी धरणारा थर हाच गांवचा तलाव असतो. फरक इतकाच कीं त्याचा कांठ कोणास दिसत नाहीं व त्याची पातळी उतरते ती प्रत्येकास आपापल्या विहिरींतच कळते. केंद्रीय भूजल मंडळानें हा प्रदेश इ. स. १९९८ मध्येंच अतिशोषित ठरविला होता. म्हणजे दर वर्षीं जितकें पाणी मुरतें त्याहून अधिक उपसलें जातें, असें सरकारी दप्तरांत नोंदलेलें होतें. त्यानंतर, इ. स. २००० मध्यें, तेथें कारखाना चालूं झाला.

कंपनीचा बचाव असा होता कीं, परिसरांतील एकंदर उपशांत कारखान्याचा वांटा अगदीं अल्प आहे. बहुतेक पाणी शेतीच ओढते. हें विधान खोटें नाहीं. राजस्थानांत काय किंवा महाराष्ट्रांत काय, भूजलाचा सर्वांत मोठा वांटा शेतीकडे जातो, आणि ज्वारी-बाजरीच्या जागीं अधिक पाण्याचीं पिकें आलीं म्हणजे शेतकरीहि या दोषांतून सुटत नाहीं. परंतु या युक्तिवादास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, जेथें जमेपेक्षां खर्च आधींच अधिक आहे तेथें नव्या उपशाचा प्रत्येक थेंब तुटींत भर घालतो. त्याचें प्रमाण एकंदर खर्चाशीं काढण्यापेक्षां तुटीशीं काढणें न्याय्य होय. दुसरें असें कीं, शीतपेयाची मागणी उन्हाळ्यांत सर्वांत अधिक, आणि विहिरीची पातळी त्याच काळांत सर्वांत खालीं. वर्षाची सरासरी काढली म्हणजे हा विरोध दृष्टीआड होतो. वैशाखांत विहिरीवर गेलेल्या बाईच्या तो दृष्टीआड होत नाहीं. शिवाय खोल कूपनलिका खणण्याचें सामर्थ्य ज्याच्याजवळ आहे तो खालच्या पाण्यामागें जाऊं शकतो. उथळ विहिरीचा धनी जाऊं शकत नाहीं.

परीक्षकांनीं कालाडेऱ्याविषयीं असा अभिप्राय दिला कीं, हा कारखाना चालत राहिल्यास तो तेथील पाण्याची स्थिति बिघडविणाऱ्या कारणांपैकीं एक राहील व भोंवतालच्या लोकांस तें जाचक होईल. मग त्यांनीं कंपनीपुढें चार मार्ग ठेविले. जेथें भूजलावर ताण नाहीं अशा जवळच्या प्रदेशांतून पाणी आणावें. किंवा पाण्याची ओढ कमी असेल त्या काळांत तें सांठवून ठेवावें. किंवा कारखाना पाण्याची विपुलता असेल तेथें हलवावा. नाहीं तर तो बंद करावा. ज्याच्या पैशानें चौकशी झाली त्यालाच, तुझा कारखाना येथें चालूं ठेवणें योग्य नाहीं, असें लेखी सांगण्याचें धैर्य परीक्षकांनीं दाखविलें, ही गोष्ट त्यांच्या श्रेयास नोंदविलीच पाहिजे.

५

तथापि निवाडा चांगला होणें ही एक गोष्ट, आणि तो लागू होणें ही दुसरी. येथें आपल्या जुन्या निवाडापद्धतीशीं तुलना उद्बोधक होईल.

मराठेशाहींत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे प्रथम दोन्ही पक्षांच्या तक्रीरी लिहून घेत. त्यानंतर दोघांकडूनहि राजीनामे घेतले जात. म्हणजे सभा जो निवाडा करील तो आपणांस मान्य आहे व त्याप्रमाणें आपण वागूं, असें पंचांसमोर आधींच लिहून द्यावें लागे, आणि तसें वागण्याबद्दल जामीन द्यावा लागे. एखाद्या पक्षास आपल्या ठिकाणच्या सभेचा भरंवसा न वाटला तर तो परस्थळ मागूं शके, आणि तंटा दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढें जाई. निवाडा झाल्यावर जिंकणारास पत्र मिळे. हरणाराकडून यजितखत लिहून घेत. जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकारांत जमा होई. ही पद्धति निर्दोष होती असें कोणी म्हणणार नाहीं. हरकीचा लोभ कारभाऱ्यांस सुटत नसे व तेच तंटे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा उभे राहत. परंतु तींत एक शहाणपण होतें. निकाल कोणाच्या बाजूनें लागणार हें ठाऊक नसतांना दोघांसहि बांधून घेतलें जाई, आणि पैसा एकाच पक्षाकडून येत नसे.

ह्या कसोटीस कालाडेऱ्याचें परीक्षण लावलें असतां काय दिसतें? परस्थळाची अट अर्धवट पुरी झाली होती, असें म्हणतां येईल. कंपनीचे स्वतःचे नोकर परीक्षक नव्हते. मात्र परीक्षकाची नेमणूक व वेतन एकाच पक्षाच्या हातीं होतें. तक्रीरीची अटहि अर्धीच: गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकलें गेलें, पण साक्षीदाराचें ऐकावें तसें. करार कंपनी व सहस्रावधि कोस दूर असलेलें एक विद्यापीठ यांच्यामध्यें होता. ज्याची विहीर आटली तो त्या करारांत पक्षच नव्हता. राजीनाम्याची अट तर मुळींच नव्हती. अहवालांत जें निघेल तें कंपनीनें करावें, असें बंधन कोणीं घातलें नव्हतें.

परिणाम अपेक्षेप्रमाणेंच झाला. निवाडा विरुद्ध गेला, पण यजितखत लिहून देण्याची गरज कोणास भासली नाहीं. कंपनीनें चारांपैकीं कारखाना हलविण्याचा किंवा बंद करण्याचा मार्ग स्वीकारला नाहीं. आपण येथून निघून जाणें हा उपाय नव्हे, पाणी मुरविण्याचीं व ठिबक सिंचनाचीं कामें वाढवूं, असें तिनें उत्तर दिलें. विद्यापीठाची खरेदी चालूं राहिली. अखेर इ. स. २०१६ मध्यें कालाडेऱ्याचें उत्पादन थांबलें. परंतु त्याचें कारण कंपनीनें व्यापारी सांगितलें, पाण्याचें नव्हे. परीक्षण प्रसिद्ध झाल्यापासून तोंपर्यंत आठ वर्षें लोटलीं होतीं.

६

चौकशी सरकारी किंवा न्यायालयीन असती तर फळ निराळें मिळालें असतें काय? प्लाचिमड्याचा इतिहास याचें सरळ उत्तर देत नाहीं. पेरुमाट्टी पंचायतीनें इ. स. २००३ मध्यें कारखान्याचा परवाना पुढें चालविण्यास नकार दिला. त्याच वर्षीं १६ डिसेंबर रोजीं केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं, भूजल ही सर्व लोकांची ठेव असून सरकार तिचें विश्वस्त आहे, जमिनीच्या मालकास तें अमर्याद उपसण्याचा अधिकार नाहीं, असा निर्णय दिला. पुढें इ. स. २००५ मध्यें त्याच न्यायालयाच्या खंडपीठानें, तज्ज्ञांकडून पाण्याची पाहणी करवून, सामान्य पर्जन्यमानांत रोज पांच लाख लिटर उपशास परवानगी दिली. न्यायालयानें नेमलेल्या ह्या तज्ज्ञांना कोणत्याहि पक्षाचे म्हणतां येत नाहीं, तरीहि गांवकऱ्यांचें समाधान झालें नाहीं व प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

इ. स. २०१० मध्यें केरळ सरकारच्या उच्चाधिकार समितीनें शेती, पाणी, आरोग्य इत्यादींच्या हानीचा आंकडा २१६ कोटी २६ लाख रुपये काढला. भरपाई देवविण्यासाठीं न्यायाधिकरण स्थापण्याचें विधेयक इ. स. २०११ मध्यें विधानसभेनें संमत केलें. परंतु त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं. इ. स. २०१७ मध्यें, तेथें पुन्हा कारखाना चालविण्याचा आपला विचार नाहीं असें कंपनीनें सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें, आणि तो वाद मिटला. मैलम्मा इ. स. २००७ मध्येंच निवर्तली होती.

म्हणजे एकाच कंपनीविषयीं तीन प्रकारच्या चौकशा झाल्या: एक खासगी कराराची, दुसरी न्यायालयाची, तिसरी सरकारची. पहिलीचा निष्कर्ष कंपनीनें स्वीकारला नाहीं, दुसरीचा गांवकऱ्यांनीं स्वीकारला नाहीं, तिसरीचा अंमल झाला नाहीं. केवळ परीक्षक निःपक्षपाती असणें पुरेसें नाहीं, हें यावरून स्पष्ट व्हावें.

७

या सर्व वादाच्या मुळाशीं कायद्यांतील एक पोकळी आहे. इ. स. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानें, निश्चित प्रवाहानें न वाहणारें जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत गोळा करण्याचा व वापरण्याचा अधिकार जमिनीच्या मालकास दिला. इंग्लंडांतील ही कल्पना मोटेच्या युगांत फारशी बाधली नसती. यंत्राच्या युगांत तिचा अर्थ असा झाला कीं, ज्यानें थोडी जमीन घेतली त्याला शेजाऱ्यांच्या जमिनीखालचें पाणीहि मिळालें.

आपल्या प्राचीन राज्यशास्त्राची दृष्टि याहून वेगळी होती. कौटिल्यानें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत उदकभाग सांगितला आहे तो पाणी उचलण्याच्या साधनावर बसविलेला आहे: हातानें काढलेल्या पाण्यास पांचवा हिस्सा, खांद्यावरून वाहिलेल्यास चौथा, यंत्रानें प्रवाह काढल्यास तिसरा, आणि नदी, सरोवर, तळें किंवा विहीर यांतून उचलल्यास चौथा. साधन जसें समर्थ तसा देण्याचा भाग वाढतो, हें यांतलें मर्म. हा आंकडा आज जसाच्या तसा लागू करावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पाणी फुकट नाहीं आणि तें ओढण्याचें बळ ज्याचें अधिक त्याचा भारहि अधिक, हें तत्त्व मोलाचें आहे. त्याच ग्रंथकारानें, पाण्यांत वावरणारा मासा पाणी केव्हां पितो हें जसें कळत नाहीं, तसेंच अधिकारी द्रव्य केव्हां खातो हेंहि कळत नाहीं, असा दृष्टान्त दिला आहे. भूजलाच्या बाबतींत हा दृष्टान्त अक्षरशः खरा ठरतो. जमिनीखालून किती पाणी निघालें हें उपसणारालाच ठाऊक. म्हणून मापन दुसऱ्याच्या हातीं असणें अत्यावश्यक आहे.

महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाहीं. ज्या मुळशी तालुक्यांतील पिरंगुट या परीक्षणांत होतें, त्याच तालुक्यांत इ. स. १९२१ मध्यें टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, व सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास भोगला. तेथें तर त्रयस्थाची चौकशी झालीच नाहीं, भूमिसंपादनाच्या इ. स. १८९४ च्या कायद्यानें गांवें घेतलीं गेलीं, आणि मुंबईस वीज मिळाली. भूजलासाठीं महाराष्ट्रानें इ. स. १९९३ मध्यें व पुन्हा इ. स. २००९ मध्यें कायदे केले. मुळशीपासून कालाडेऱ्यापर्यंत शेंकडा वर्षांत आपण इतकी मजल मारली कीं, आतां निदान विचारलें जातें व लिहून ठेवलें जातें.

८

एतावता निष्कर्ष असा. टेरीचा अहवाल अविश्वसनीय ठरविण्याचें कारण नाहीं. पैसे देणाराच्या हिताविरुद्ध केलेलें विधान इतिहासाच्या दृष्टीनें अधिक बळकट पुरावा होय, आणि कालाडेऱ्याविषयींचें त्याचें मत तसें आहे. परंतु अशा परीक्षणास निवाड्याचें सामर्थ्य यावयाचें तर चार गोष्टी हव्यात. ज्याचें पाणी जातें तो करारांत पक्ष असावा. परीक्षकाचें वेतन दोन्ही पक्षांपासून समान अंतरावर असलेल्या हातांतून मिळावें. मापन भिंतीच्या बाहेरचें व उन्हाळ्यांतलें असावें. आणि चौकशी सुरू होण्यापूर्वींच, जें निघेल तें मान्य करूं, असा राजीनामा दोघांनींहि द्यावा. पहिल्या तिहींची व्यवस्था तज्ज्ञ करूं शकतील. चौथी मात्र राजसत्तेवांचून होणार नाहीं. कारण बलवान् पक्षाकडून राजीनामा लिहवून घेण्याचें काम गोतसभेलाहि सरकारच्या पाठबळावांचून कधीं साधलें नव्हतें.